ओला हातमोजा

आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड करून मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये लागलो, तेव्हा मला भीती होती ती फक्त डोळ्यांची. शिल्डला १० नंबरची काच, सुती कपडे, बूट, कातडी हातमोजे, एवढं तुम्हालाही माहीत असेल. ते पुन्हा सांगत नाही. ज्यात मी अडकलो ते सांगतो.

मे महिना. पाण्याच्या टाकीच्या आत बसून शिवण, म्हणजे वेल्डिंगचा जोड, मारत होतो. बाहेर पारा ४५ वर, आत भट्टी. पाठ टाकीला टेकलेली, शर्ट ओला, हातमोजे आतून चिंब. रॉड, म्हणजे वितळून जोड भरणारी कांडी, संपला. ओल्या मोज्यात नवा रॉड नीट धरता येईना, म्हणून डावा मोजा काढला आणि रॉड उघड्या हाताने होल्डरमध्ये, म्हणजे रॉड धरणाऱ्या पकडीत, बसवायला गेलो. हात आखडला. सोडायचं कळत होतं, पण बोटं उघडेनात. बाहेरच्या हेल्परने आधी मेन स्विच पाडला, मग मला हात लावला. त्याने उलट केलं असतं तर दोघंही गेलो असतो.

"मोजा काऊन काढला बे?" मिस्त्री ओरडले आणि मग तिथेच खाली बसले. त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते.

आता हे नीट समजून घ्या. चाप, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, पेटलेला असतो तेव्हा रॉड आणि जॉब (ज्यावर वेल्डिंग चाललंय ते लोखंड) यांच्यात साधारण २०-३० व्होल्ट असतात. चाप विझला की जुन्या ट्रान्सफॉर्मर सेटवर, म्हणजे वेल्डिंग मशीनवर, तेच ७०-८० पर्यंत चढतात. म्हणजे काम थांबवून निवांत रॉड बदलता, तेव्हाच होल्डर जास्त धोक्याचा. कोरड्या कातडीला एवढे व्होल्ट बऱ्याचदा जाणवतही नाहीत, म्हणून हिवाळाभर उघड्या हाताने रॉड बदलून काही होत नाही आणि तीच सवय लागते. घामाने ओली झालेली कातडी करंट फारसा अडवत नाही.

दुसरी चुकीची समजूत, "जॉबला अर्थिंग आहे, शॉक कसा बसेल?" ज्याला आपण अर्थिंग म्हणतो ती केबल सेटचंच दुसरं टोक असते. ती तुम्हाला वाचवायला नाही, करंट परत न्यायला लावलेली असते. जॉबवर बसून रॉडला ओला हात लागला की सर्किट तुमच्या छातीतून पूर्ण होतं. मी हे परीक्षेत लिहून पास झालो होतो, तरी टाकीत आठवलं नाही.

म्हणून उन्हाळ्यात मोज्यांचे दोन जोड ठेवा. बुडाखाली कोरडी फळी किंवा रबरी चटई घ्या. होल्डरचं आवरण तडकलं असेल तर कामाला हात लावू नका, मालक कितीही घाई करो. टाकीत असाल तर स्विचजवळ माणूस हवाच, आणि रॉड बदलताना त्याला सेट बंद करायला सांगा.

एवढं वाचून घाबरू नका. हात बसतो. ६ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीवर ३.१५ मिलिमीटरचा ६०१३ नंबरचा रॉड घ्या, करंट १०० ते ११० अँपिअर, चापाची लांबी रॉडच्या तारेच्या जाडीइतकी. भजी तळल्यासारखा एकसारखा चर्र आवाज आला की बरोबर. रॉड सुरुवातीला चिकटणारच, सगळ्यांचा चिकटतो. हिसका देऊ नका, मनगट वळवून तोडा. नाही सुटला तर होल्डरच्या पकडीतून मोकळा करा. प्रत्येक पदरानंतर स्लॅग, म्हणजे शिवणीवर जमलेलं कवच, पूर्ण काढा, नाहीतर तो आत गाडला जातो.

मोबाइलवरचे व्हिडिओ मला पटत नाहीत. त्यांत चमकणारी शिवण दिसते, रॉड बदलणारा हात दिसत नाही. डोळे मिटून टॅक, म्हणजे जोड जागी धरणारा छोटा टाका, मारायला शिकवणाऱ्या उस्तादापासून लांब राहा. चापाच्या उजेडाने डोळ्यांत वाळू टोचल्यासारखं होतं ते रात्री, सहा-आठ तासांनी, तेव्हा तो उस्ताद घरी झोपलेला असतो. बटाट्याच्या चकत्या ठेवू नका, डॉक्टरकडे जा. गॅल्व्हनाइज्ड पाइपच्या धुरावर गूळ हा इलाजच नाही. जोडाच्या आजूबाजूचा जस्ताचा थर घासून काढा आणि वारा पाठीकडून किंवा बाजूने येईल असे बसा, नाहीतर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

उस्ताद असा धरा जो तुमची शिवण हातोड्याने तोडून आत काय राहिलं ते दाखवतो. माझ्या मिस्त्रींनी माझ्या पहिल्या चाळीसेक पट्ट्या तोडल्या. राग यायचा. आज कोराडीच्या वीज केंद्राच्या कामावर पाइपची टेस्ट द्यायला उभा राहतो तेव्हा त्या पट्ट्यांचा उपयोग होतो.

टाकीत मी अजूनही उतरतो. एक जोड हातात, एक बाहेर हेल्परजवळ. पहिला ओला झाला की वर फेकतो आणि दुसरा हातात चढेपर्यंत होल्डरकडे जात नाही.