बेळगावात बाईक टॅक्सी चालवताना डोकं शांत कसं ठेवायचं

भावांनो, टेन्शन ट्रॅफिकचं कमी आणि हिशेबाचं जास्त असतंय, म्हणून ॲप ऑन करायच्या आधीच ठरवा की आज एवढे सुटले की घरी, नाहीतर इन्सेंटिव्हच्या मागं रात्री अकरापर्यंत फिरणं काय थांबत नाही. आणि पैसे पेट्रोल, हप्ता काढून मोजा, ॲपवर दिसतो तो आकडा कमाई नव्हे.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटला अडकलात तर गाडी बंद करा, खांदे सैल सोडा, श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडा, पाच-सहा वेळा. फरक पडतोय. मागचं गिऱ्हाईक 'लवकर चला' म्हणालं तर म्हणू दे, गेट काय आपल्या हातात नाही.

कोण तापलंच तर कन्नडमध्ये दोन शब्द गोड बोला, निम्मं भांडण तिथंच मिटतंय (सीमाभागात वाढल्याचा एवढा तरी फायदा घ्या की). रेटिंगची तक्रार असली तर स्क्रीनशॉट काढा, रस्त्यावर वाद नको.

जून 2025 मध्ये कोर्टाच्या आदेशानं राज्यभर बाईक टॅक्सी बंद पडल्या, तेव्हा एकाच ॲपवर असलेल्यांची झोप उडाली. पार्सल, जेवणाची डिलिव्हरी, काहीतरी दुसरं हाताशी ठेवाच.

जेवणाच्या जागी चहा मारू नका, लघवी तुंबवू नका. आणि झोपच येत नसेल, घरात सारखी चिडचिड होत असेल, जगणं नको वाटत असेल तर 14416 लावा, सरकारची टेली मानस लाईन, फुकट आहे, चोवीस तास चालू असते.