डोबॉइजचा माग काढण्याआधीची तयारी

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या 'लाइट क्रस्ट डोबॉइज'सारख्या रेडिओ बँडचा इतिहास शोधायचा, तर आधी एका कागदावर त्याची सगळी नावं उतरवा. हीच मंडळी आधी दिव्यांच्या कंपनीसाठी 'अलादीन लॅडीज' (Laddies, म्हणजे पोरं) म्हणून वाजवायची. १९३१ मध्ये बर्रस मिलच्या पिठाची जाहिरात करू लागली आणि डोबॉइज झाली. फेब्रुवारी १९३२ च्या व्हिक्टर कंपनीच्या रेकॉर्डवर मात्र 'फोर्ट वर्थ डोबॉइज' असं छापलंय. म्हणून बँडच्या नावामागे धावू नका, पैसे कोण देत होतं ते बघा. गिरणीचे डब्ल्यू. ली ओ'डॅनियल पुढे १९३९ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर झाले, तेव्हा निवडणुकीच्या बातम्याही चाळायच्या यादीत घ्या.

दुसरा कागद बँडमधल्या माणसांचा, प्रत्येकाला वेगळा रकाना. गायक मिल्टन ब्राउन १९३२ मध्ये बाहेर पडला, फिडलवादक बॉब विल्स १९३३ मध्ये. १९३४ ला विल्स ओक्लाहोमातल्या टल्साच्या केव्हीओओ या रेडिओ स्टेशनवर होता. एकच 'बँडचा इतिहास' लिहायला घेतलात तर इथेच गुंता होतो. अमेरिकेची १९५० पर्यंतची जनगणना खुली आहे. तिच्यात पत्ता आणि व्यवसाय मिळतो.

मग वर्तमानपत्रं. 'पोर्टल टू टेक्सास हिस्टरी'वर जुने अंक फुकट वाचता येतात. बातम्यांपेक्षा रेडिओच्या वेळापत्रकाचा रकाना जास्त कामाचा, कंटाळवाणा असला तरी. शोधताना 'हिलबिली' आणि 'स्ट्रिंग बँड' हे शब्दही टाका. कारण बिलबोर्ड या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकातल्या यादीला 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव १९४९ मध्येच मिळालं.

तारीख नसलेला फोटो किंवा पोस्टकार्ड हाती आलं तर त्यावर स्टेशनची फ्रिक्वेन्सी छापलीय का बघा. २९ मार्च १९४१ ला अमेरिकेतल्या बहुतेक स्टेशनांचे आकडे बदलले; डब्ल्यूबीएपी ८०० वरून ८२० वर गेलं. कार्ड त्या दिवसाआधीचं की नंतरचं, हे एवढ्यावरून कळतं.

रेकॉर्डिंगच्या तारखा आणि मॅट्रिक्स क्रमांक (कंपनीने प्रत्येक रेकॉर्डिंगला दिलेला नंबर) सांता बार्बरा विद्यापीठाच्या ऑनलाइन डिस्कोग्राफीत सापडतील. १९४२ ते १९४४ मधली पोकळी बघून बँड मोडला असं लिहू नका. वादकांच्या संघटनेने तेव्हा रेकॉर्डिंगवर बंदी घातली होती. कुणाच्या माळ्यावर १६ इंची प्रक्षेपण-तबकडी (रेडिओचा कार्यक्रम मुद्रित केलेली) निघाली तर घरच्या प्लेअरवर लावून बघायचा मोह टाळा. वरचा लॅकरचा थर सुटू शकतो, आणि आतला कार्यक्रम दुसरीकडे कुठेच नसण्याची शक्यता असते.

वादकांच्या घरच्यांना भेटायला जाताना रेकॉर्डर, स्कॅनर आणि परवानगीचा छापील कागद बरोबर ठेवा. फोटो तिथल्या तिथे स्कॅन करून परत द्या. रेकॉर्डचा आवाज वापरायचा असेल तर हक्कांची चौकशी आधी करा: १९३२ च्या तबकड्या अमेरिकेत १ जानेवारी २०३३ ला हक्कमुक्त होतील.