कॅश वाढवण्याआधी : सांगलीतून डेटाबेसच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

विश्रामबागेकडची इंजिनिअरिंगची मुलं भेटली की विचारतात, "दादा, डिस्ट्रिब्युटेड डेटाबेसच्या कामात यायचं तर सुरुवात कुठून करू?" मी सांगतो, एकच डेटाबेस धरा आणि एक रीड क्वेरी (डेटा वाचायची मागणी) आत शिरल्यापासून उत्तर येईपर्यंत कुठे कुठे थांबते ते नीट समजून घ्या. माझं काम अपाचे कॅसँड्रावर, म्हणजे डेटा अनेक मशीनवर वाटून ठेवणाऱ्या डेटाबेसवर चालतं, म्हणून पुढचं सगळं त्यातलंच आहे.

उदाहरण आपल्या भागातलं घेऊ. तासगाव-सांगलीचा बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये महिनोन्महिने असतो. एका खोलीतला सेन्सर दर मिनिटाला तापमान पाठवतो असं धरा. दिवसाला १४४० नोंदी, वर्षाला ५,२५,६००. असे हजारो सेन्सर एका क्लस्टरवर (एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या गटावर) आले आणि स्क्रीन उघडायला वेळ लागू लागला, की पहिली सूचना ठरलेली असते: कॅश (सतत लागणारा डेटा मेमरीत हाताशी ठेवायची जागा) वाढवा.

ती सूचना बाजूला ठेवा आणि आधी पार्टिशन की बघा, म्हणजे कोणती नोंद कोणत्या गटात (पार्टिशनमध्ये) आणि कोणत्या मशीनवर जाईल ते ठरवणारे कॉलम. की फक्त तारीख असेल तर देशभरातल्या सगळ्या सेन्सरांचं त्या दिवसाचं लिखाण त्याच दोन-तीन रेप्लिकांवर (त्या डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या मशीनवर) आदळतं, बाकीचे नोड, म्हणजे क्लस्टरमधली बाकीची मशीन, रिकामे बसतात. की फक्त सेन्सर असेल तर पार्टिशन वर्षानुवर्षं फुगत जातं. सेन्सर आणि महिना मिळून की केली तर एका पार्टिशनमध्ये साधारण ४४ हजार नोंदी येतात आणि क्वेरीला नेमकं कुठं जायचं ते कळतं. पार्टिशन १०० एमबीच्या आत ठेवावं असा संकेत आहे, तो मी कसोशीनं पाळतो. चुकीच्या कीवर कितीही मेमरी ओतली तरी तो एक नोड तापलेलाच राहतो.

आता कॅश. कॅसँड्रात की कॅश असते, ती पार्टिशन डिस्कवरच्या फाइलमध्ये कुठं आहे एवढंच लक्षात ठेवते. डिफॉल्ट आकार हीपच्या (कॅसँड्राच्या जावा प्रोसेसला दिलेल्या मेमरीच्या) ५ टक्के किंवा १०० एमबी, यातलं जे कमी ते. रो कॅश प्रत्यक्ष ओळी ठेवते आणि डिफॉल्टनं बंद असते. नवीन माणसाला ती चालू करायचा मोह होतो. पण पार्टिशनमध्ये काहीही लिहिलं की त्याची रो कॅशमधली प्रत बाद होते. आपल्या सेन्सरचं चालू महिन्याचं पार्टिशन दर मिनिटाला लिहिलं जातं, आणि लोक बघतात तेही नेमकं तेच. म्हणजे जिथं कॅशची गरज तिथंच ती टिकत नाही. क्वचित बदलणाऱ्या, छोट्या, सतत वाचल्या जाणाऱ्या टेबलांसाठी ती ठीक आहे.

सगळ्यात मोठी कॅश कॅसँड्राच्या सेटिंगमध्ये दिसतच नाही: वाचलेल्या फाइली मेमरीत धरून ठेवणारी लिनक्सची पेज कॅश. ६४ जीबीच्या मशीनवर हीपला ५० जीबी दिले तर फाइलींसाठी जागा उरत नाही, शिवाय गार्बेज कलेक्शनचे (जावा नको असलेली मेमरी मोकळी करते तेव्हाचे) थांबे लांबण्याची भीती वाढते. हीप ३२ जीबीच्या खालीच ठेवा, तोपर्यंत जावाचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) आखूड राहतात आणि कमी जागा घेतात. उरलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमला सोडा आणि स्वॅप (मेमरीतला डेटा डिस्कवर हलवणं) बंद करा.

'खोलीचं आत्ताचं तापमान' हजार जण विचारत असतील तर ते कॅसँड्राच्या पुढे रेडिसमध्ये (मेमरीतच डेटा ठेवणाऱ्या वेगळ्या साधनात) ठेवणं योग्य. मात्र सगळ्या कींना एकाच वेळी एकच मुदत देऊ नका; त्या एकदम संपतात आणि सगळी गर्दी डेटाबेसवर येते. मुदतीत थोडा रँडम फरक ठेवा. रेडिसचं डिफॉल्ट धोरण जुनं काढून टाकायचं नाही, हेही माहीत असू द्या: ठरवलेली मेमरी मर्यादा भरली की नवीन लिखाणाला एरर येते.

जुन्या नोंदी टीटीएलनं (नोंदीला दिलेल्या मुदतीनं) संपवत असाल तर टाइम विंडो कॉम्पॅक्शन, म्हणजे डिस्कवरच्या फाइली एकत्र करताना एकेका काळाच्या खिडकीतल्या नोंदी एकत्र ठेवणारी पद्धत, वापरा. एका खिडकीतलं सगळं मुदतबाह्य झालं की अख्खी फाइलच जाते, टूमस्टोन (खोडलेल्या नोंदींच्या खुणा) चाळत बसावं लागत नाही. डिफॉल्ट सेटिंगमध्ये एका क्वेरीत १,००० टूमस्टोन ओलांडले की लॉगमध्ये इशारा येतो आणि १,००,००० ओलांडले की क्वेरीच नाकारली जाते. तो इशारा दिसला की त्याच दिवशी त्या टेबलाकडे बघा.

मोजताना सरासरीवर विसंबू नका. एका स्क्रीनमागे ४० क्वेरी असतील आणि प्रत्येकीची रखडण्याची शक्यता फक्त १ टक्का असेल, तरी साधारण दर तीन स्क्रीनमधली एक रखडते. म्हणून मी पी नाइंटीनाइन (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के क्वेरी संपतात ती वेळ) मागतो, आणि मुलाखतीत उमेदवाराला हा हिशेब मांडता आला तर मला फार बरं वाटतं.

सरावाला मोठा क्लस्टर लागत नाही. १६ जीबीच्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (एकाच मशीनवर प्रोग्राम वेगवेगळे चालवणाऱ्या साधनात) तीन नोड चालतात, प्रत्येकाला छोटा हीप द्या. कॅसँड्रा-स्ट्रेसनं लोड टाका, नोडटूल फ्लश करून डेटा डिस्कवर उतरवा, मग टेबलहिस्टोग्राम्स (टेबलाच्या वाचन-लिखाणाला लागलेल्या वेळेचे आकडे) बघा. लिनक्सची पेज कॅश रिकामी करून तेच वाचन परत चालवा. त्यानंतर पार्टिशन की बदला, लोड तोच ठेवा, आणि दोन्ही वेळचे आकडे कागदावर शेजारी-शेजारी मांडा. मुलाखतीला येताना सर्टिफिकेटच्या फाइलीत तो कागद सगळ्यात वर लावून आणा.