नवा क्राइम सिनेमा ‘स्वस्त’ वाटला? नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

हॉलीवूडचं तगडं बजेट, जॉनी डेप, १९३० च्या दशकातला बँकलुटारू जॉन डिलिंजर. आणि पडद्यावर दिसतं काय, तर लग्नाची कॅसेट! २००९ मध्ये मायकल मान यांचा ‘पब्लिक एनिमीज’ पाहून बऱ्याच प्रेक्षकांची अशीच चिडचिड झाली होती. पण तो सिनेमा मुद्दामच डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केला होता. जुन्या काळावर नेहमी चढवतात तो सोनेरी मुलामा मान यांना नकोच होता. तेव्हा ‘कमी बजेटचा दिसतो, म्हणजे कामचुकारपणा केलाय’ हा निष्कर्ष घाईचा. पैसे नसणं वेगळं आणि तसं रूप निवडणं वेगळं.

घरी पाहत असाल तर आधी टीव्हीचं सेटिंग उघडा. सर्वाधिक घोळ इथेच असतो. सिनेमा सहसा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो. नवे टीव्ही हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने तयार करून घुसडतात, आणि उत्तम सिनेमाही दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. हाताने धरलेल्या कॅमेऱ्याच्या क्राइम सिनेमाचे तर पारच हाल होतात. सॅमसंगमध्ये हे ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’ या नावाने सापडेल. ते बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की बहुतेक काम होतं. टॉम क्रूझने २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना हेच सांगितलं होतं. (दुकानातला ‘व्हिव्हिड’ मोड वर्षानुवर्षे तसाच ठेवणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. त्यांच्याशी वाद घालू नका, रिमोट घ्या.)

रात्रीच्या दृश्यांत काळ्या भागात चौकोनी ठिगळं दिसली, तर तो छायालेखकाचा दोष असेलच असं नाही. अ‍ॅपमधला डेटा सेव्हर तपासा, खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील तर आवाज ५.१ (थिएटरसारखा अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) वरून साध्या दोन स्पीकरांच्या स्टीरिओवर आणून पाहा.

एवढं करूनही सिनेमा पोकळ वाटला, तर दोन मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐका. पोलीस ठाण्यातल्या प्रसंगात पंखा, दाराबाहेरची वर्दळ, लांबचा हॉर्न यातलं काहीच नाही आणि सगळी माणसं एकाच बंद खोलीत बोलल्यासारखी वाटतात? मग खरंच काटकसर झाली आहे, आणि चुकीच्या जागी. डगमगणारं चित्र प्रेक्षक चालवून घेतो, मेलेला आवाज नाही.

‘पब्लिक एनिमीज’लाही हीच फूटपट्टी लावावी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लिटल बोहेमिया लॉजवर एप्रिल १९३४ मध्ये डिलिंजरच्या टोळीची सरकारी अधिकाऱ्यांशी चकमक झाली, डिलिंजर निसटला. सिनेमातला तो प्रसंग त्याच लॉजवर चित्रित झाला आहे. अंधारी झाडी, बंदुकांच्या तोंडचा जाळ, कानठळ्या बसवणारा आवाज: इथे डिजिटलचा खडबडीतपणा नेमका कामी येतो. दिवसाच्या काही दृश्यांत मात्र तोच उघडाबोडका दिसतो. आणि खरी तक्रार कॅमेऱ्याची नाहीच. डिलिंजरच्या मागे लागलेला पर्विस नावाचा अधिकारी ख्रिश्चन बेलसारखा नट देऊनही कोराच राहतो. दोन तास वीस मिनिटं पाठलाग चालतो, पण पाठलाग करणारा माणूस शेवटपर्यंत कळत नाही. हे कुठल्याही सेटिंगने दुरुस्त होत नाही.