साडेसहा फुटी माणसाने पहिला बेस कसा निवडावा

माझी उंची सहा फूट चार इंच. सोलापुरात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी २१ वर्षं बेस गिटार वाजवतोय. त्यातली पहिली दोन वर्षं मान आणि डावा खांदा धरून काढली, कारण वाद्य अंगाला बसणारं नव्हतं आणि ते मला सांगणारं कुणी नव्हतं. यंदा भाचा म्हणाला, "मामा, मला बेस शिकायचाय." पोरगा व्हॉलीबॉल खेळतो, सहा फूट पाच इंच. माझे ते दोन वर्षांचे हाल त्याच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून मी आधी आईच्या शिलाई मशीनच्या खणातून टेप काढला आणि मगच बाजाराचा विचार केला.

उंच गिऱ्हाईक दिसलं की दुकानदार हमखास ३५ इंची, पाच तारांचा बेस खाली काढतो. "याला हाच शोभेल." शोभेलही, पण शिकायला तो लागत नाही. बेसचा स्केल म्हणजे नटपासून (वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खाली बॉडीवर तारा टेकतात ती जागा) तारेचा वाजणारा भाग. नेहमीचा स्केल ३४ इंच. १९५१ मध्ये फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आला तेव्हापासून तेच माप रूढ झालंय. आखूड स्केल ३० इंचाचा आणि मधला ३२ इंचाचा. ३५ इंची बेस मुख्यतः पाचव्या, सगळ्यात जाड तारेला ताण मिळावा म्हणून असतो, माणूस उंच आहे म्हणून नव्हे. शिवाय तीच तार, तोच सूर ठेवून स्केल ३४ चा ३५ केला की ताण सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. नवशिक्याच्या बोटांना ते जाणवतं.

भाच्याचा हात टेबलावर ठेवून मोजला. तर्जनीपासून करंगळीपर्यंत, न ताणता, सहा इंच भरले. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे नेकवर, म्हणजे बेसच्या दांडीवर, बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या) चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर सुमारे ५.१ इंच असतं, ३० इंचीवर साडेचार. म्हणजे एका फ्रेटला एक बोट ही पद्धत, जी बसवायला मला ऑर्केस्ट्रातल्या बुटक्या मित्रांपेक्षा कमी कष्ट पडले, ती त्याला पहिल्या दिवसापासून जमणार. निर्वाना बँडचा क्रिस्ट नोव्होसेलिक साडेसहा फुटांच्या पुढचा माणूस, आणि त्याच्या हातातला गिब्सन कंपनीचा रिपर बेसही काही राक्षसी मापाचा नव्हता. तेव्हा ३४ इंच, चार तारा. इथे मी कुणाशी वाद घालत नाही.

बोटं जाड असतील तर मात्र नटची रुंदी बघा. फेंडरच्याच जॅझ बेस या दुसऱ्या मॉडेलचा नट दीड इंचाचा, प्रिसिजनचा साधारण एक पूर्णांक पाच अष्टमांश इंचाचा. फरक सुतासारखा वाटतो, पण पहिल्या दोन फ्रेटांवर जाड बोट शेजारच्या तारेला लागतं की नाही, ते तिथेच ठरतं. ब्रिजजवळ दोन तारांमध्ये १९ मिलिमीटर अंतर असलं तर उजव्या हातालाही मोकळं वाटतं. पाच तारांच्या बऱ्याच बेसमध्ये ते कमी असतं.

आता खरा मुद्दा. उंच माणसाचा हात कुठेही पोचतो. त्याची अडचण असते ती वाकण्याची. वाद्य चुकीच्या जागी असलं की तो वाद्याकडे वाकतो, आणि एवढी लांब पाठ वाकली की दुखणं आलंच. म्हणून वाद्य अंगाकडे आलं पाहिजे, अंग वाद्याकडे जाता कामा नये.

माझा पहिला बेस मी रूप बघून घेतला होता. काळा, टोकदार, देखणा. त्याचं वरचं शिंग, म्हणजे बॉडीचं नेककडे आलेलं टोक, आखूड होतं, त्यामुळे पट्ट्याची खुंटी चौदाव्या-पंधराव्या फ्रेटपाशीच संपायची. गळ्यात अडकवला आणि हात सोडला की हेडस्टॉक, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांचं टोक, सरळ जमिनीकडे. आम्ही वादक त्याला 'मान टाकली' म्हणतो. मग डावा हात सूर धरायचा सोडून रात्रभर नेकच उचलून धरायचा. वरातीत चार तास उभं राहून वाजवल्यावर घरी जेवताना डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलवत नसे. विकताना दुकानदाराने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. पट्टा लावून उभे राहा, नेक थोडी वर, हेडस्टॉक खांद्याच्या उंचीला. डावा हात नेकच्या खाली चार बोटांवर झेलायला तयार ठेवा आणि सोडा. बेस आहे तिथेच राहिला, किंवा थोडा झुकून थांबला, तर चालेल. मान टाकली तर कितीही स्वस्त असो, परत ठेवा. प्रिसिजन आणि जॅझ धाटणीच्या बॉडीत वरचं शिंग साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत येतं, म्हणून त्यांचा तोल सहसा बरा असतो. दुकानातला पट्टा गुळगुळीत नायलॉनचा असला तर तो खांद्यावरून घसरतो आणि चांगला बेसही मान टाकतोय असं वाटतं. म्हणून आतून खरखरीत असलेला पट्टा घरून न्या.

वजनाला सामान तोलायचा लटकता काटा बरोबर ठेवा. चार किलोच्या आत मिळाला तर उत्तम, साडेचारच्या वर मी नवशिक्याला घेऊ देत नाही. धिप्पाड माणसाला "तुला काय वजनाचं" असं सगळेच म्हणतात, पण खांद्याचा स्नायू उंची विचारत नाही. जड म्हणजे भारी लाकूड, हा समजही सोडून द्या.

बसून वाजवण्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि सराव तर नव्वद टक्के बसूनच होतो. आपल्याकडच्या मांडवातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर भाचा बसला की गुडघे कमरेच्या वर येतात. मांडी उतरती झाली की बेस पोटाकडे सरकतो, वर छातीशी येतो, उजवं मनगट काटकोनात मोडतं आणि पोरगा त्याच्यावर कुबड काढून बसतो. मी त्याच्या खुर्चीवर घरातल्या दोन सोलापुरी चादरी चौपदरी घडी घालून ठेवल्या. बैठक तीन-साडेतीन इंचांनी वर आली, गुडघे कमरेच्या किंचित खाली गेले, आणि पाठ न सांगता सरळ झाली. दुकानात बेस बघतानाही उंच स्टूल मागून घ्या. बुटक्या स्टुलावर कुठलाच बेस उंच माणसाला नीट लागणार नाही, आणि दोष बिचाऱ्या वाद्याला जाईल.

मग पट्टा. बसल्यावर बेसची वरची कड छातीवर जिथे येते तिथे मी टेलरच्या खडूने त्याच्या टी-शर्टवर रेघ ओढली. उभं राहिल्यावर कड त्याच रेघेवर आली पाहिजे, म्हणजे बसून शिकलेलं उभ्यानं विसरत नाही. त्याला खुंटीपासून खुंटीपर्यंत ६४ इंच लागले. बाजारातले बरेच पट्टे ६० च्या आसपास संपतात. जास्त लांबीचे मिळतात, पण मी दप्तरं दुरुस्त करणाऱ्याकडून तीन इंच रुंद पट्टीचा शिवून घेतला, टोकांना दुहेरी चामडं आणि खांद्याखाली जुन्या चादरीचा तुकडा. रुंदी तीन इंचांपेक्षा कमी नको, अरुंद पट्टा खांद्यात रुततो.

बेस बघायला आम्ही हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो, कारण एका जागी सात-आठ बेस हाताळायला मिळावेत अशी माझी इच्छा होती. यामाहाचा टीआरबीएक्स, आयबानेझचा जीएसआर, स्क्वायरचे प्रिसिजन आणि जॅझ, असे ३४ इंची बेस त्याने बसून आणि उभ्यानं वाजवून बघितले. वाजवणं म्हणजे काय, मोकळी तार आणि पहिले चार फ्रेट, एवढंच. मी बाजूने आणि समोरून मोबाईलवर फोटो काढत होतो. दुकानात पोरांचं लक्ष रंगाकडे असतं. फोटोत डावं मनगट मोडलंय का, उजवा खांदा वर चढलाय का, मान खाली गेलीय का, ते सगळं दिसतं. एक बेस बघून तो म्हणाला, "मामा, हा माझ्यावर खेळण्यासारखा दिसतो की." फोटोत मनगट सरळ, खांदे सैल, वजन ३.७ किलो. मी म्हटलं, हाच घे. तो दिसतो कसा याची सवय त्याला आठवड्यात झाली. बाराव्या फ्रेटवर तारा दोन-अडीच मिलिमीटरच्या वर असतील तर दुकानातच खाली करून मागा. ॲम्प सध्या छोटा, हेडफोन लागणारा पुरे.

घरी आणल्यावर सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेवा. एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४० च्या पुढे जातो आणि हवा अगदी कोरडी असते. नेकचं लाकूड आक्रसतं, फ्रेटचा धातू आक्रसत नाही, म्हणून फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन बोचतात. पत्र्याच्या खोलीत किंवा कूलरच्या झोतात बेस टांगू नका, बॅगेत घालून आतल्या भिंतीशी ठेवा. नेकचा बाक सुधारणाऱ्या आतल्या सळीला पाव फेऱ्यापेक्षा जास्त पीळ एका दिवशी देऊ नका, आणि तोही जाणकाराकडून. परवा मी भाच्याच्या नेकच्या कडेने तळहात फिरवला तर सातव्या आणि बाराव्या फ्रेटमध्ये तीन टोकं लागली. बारीक कानशीने घासली, कडेला कागदी टेप लावून, म्हणजे लाकडाला ओरखडा जाऊ नये. अर्ध्या तासात तो पुन्हा चादरींच्या घडीवर बसून पहिल्या चार फ्रेटांवर बोटं चालवत होता, पाठ सरळ.