जावा जेनेरिक्स: लिस्ट<बिल> हवी तिथे लिस्ट<वीजबिल> कशी चालवायची

वीजबिल हा बिलाचा सबक्लास आहे. मेथडला हवी लिस्ट<बिल>, तुमच्याकडे आहे लिस्ट<वीजबिल>, आणि कंपायलर अडून बसतो. यावर सर्रास मिळणारा सल्ला: रॉ टाइप करा (कंसातला प्रकार गाळून नुसतं लिस्ट लिहा), कास्ट मारा, वर सप्रेसवॉर्निंग्ज (कंपायलरचे इशारे दडपणारी खूण) लावून मोकळे व्हा. अजिबात ऐकू नका. जेनेरिक्सची माहिती, म्हणजे लिस्ट कुठल्या प्रकारची ते, रनटाइमला पुसलेली असते. चुकीची वस्तू लिस्टमध्ये बिनबोभाट शिरते आणि क्लासकास्टएक्सेप्शन (प्रकार जुळत नसल्याची एरर) येतो तो भलत्याच फाइलमध्ये.

कंपायलरचं बरोबरच आहे. त्याने हे चालू दिलं असतं, तर मेथडने त्या लिस्टमध्ये पाणीबिल, म्हणजे बिलाचाच दुसरा सबक्लास, कोंबलं असतं. अ‍ॅरेला ही सूट आहे, म्हणून तिथे चुकीची वस्तू टाकली की रनटाइमला अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन भोगावा लागतो. २००४ साली जावा ५मध्ये जेनेरिक्स आले तेव्हा ती सूट दिली नाही, हे उत्तम झालं.

मेथड तुमची असेल तर आधी ठरवा: ती लिस्टमधून काढते की लिस्टमध्ये टाकते? नुसती काढत असेल तर लिस्ट<? एक्स्टेंड्स बिल>. टाकत असेल तर लिस्ट<? सुपर वीजबिल>. दोन्ही करत असेल तर वाइल्डकार्ड (ते ‘?’) नको.

घोळ होतो तो यापुढे. ‘? एक्स्टेंड्स बिल’ म्हणजे ‘बिल आणि त्याखालचं काहीही टाका’ असं बहुतेकजण वाचतात. तसं नाहीये! ही कुठल्यातरी एकाच प्रकारच्या बिलांची लिस्ट आहे, कुठल्या ते कंपायलरला ठाऊक नाही. म्हणून तिथे साधं बिलसुद्धा अ‍ॅड होत नाही, फक्त नल होतं. सुपरचं उलटं: वीजबिल खुशाल टाका, पण गेट केलंत की हाती येतो नुसता ऑब्जेक्ट. कलेक्शन्स.कॉपीची व्याख्या एकदा उघडून बघा. जिथून घ्यायचं तिथे एक्स्टेंड्स, जिथे ठेवायचं तिथे सुपर, दोन्ही एकाच ओळीत दिसतात.

रिटर्न टाइपमध्ये वाइल्डकार्ड लावू नका, तुमची मेथड वापरणारे शिव्या देतील.

सॉर्टसारखं काही लिहिताना ‘टी एक्स्टेंड्स कंपेरेबल<टी>’ पुरत नाही (टी म्हणजे लिस्टमधल्या वस्तूंचा प्रकार, कंपेरेबल म्हणजे तुलना करता येण्याचा इंटरफेस). तुलना बिलाने लिहिलेली असते, म्हणजे वीजबिल हे कंपेरेबल<बिल> आहे, कंपेरेबल<वीजबिल> नाही. तिथे ‘कंपेरेबल<? सुपर टी>’च हवं, कलेक्शन्स.सॉर्टमध्येही तेच आहे.

मेथड दुसऱ्याची असेल आणि बदलता येत नसेल, तर न्यू अ‍ॅरेलिस्ट<बिल>(वीजबिलं) अशी प्रत काढून ती द्या. मात्र मेथडने त्यात केलेली भर मूळ लिस्टमध्ये दिसणार नाही.