ज्येष्ठांच्या पोषणाची तपासणी: या चुका टाळा

वय झाले की माणूस वाळायचाच, असे म्हणून उतरत्या वजनाकडे काणाडोळा करणे ही प्राथमिक आरोग्यसेवेतील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मुद्दाम प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे ३ किलोहून अधिक वजन गेले, तर कारण शोधलेच पाहिजे. पण त्यासाठी मागचे वजन केसपेपरवर असावे लागते. रक्तदाब प्रत्येक खेपेला मोजला जातो आणि वजनाचा रकाना मात्र कोराच राहतो, हे थांबायला हवे. जुनी नोंद नसेल तर कपडे सैल झाले आहेत का, अंगठी बोटातून घसरते का, कवळी हलते का, हे विचारावे. हलणारी कवळी हे वजन घटल्याचे लक्षण असू शकते, आणि चावता येत नसल्यामुळे ती उपासमारीचे कारणही ठरते.

अंगाने भरलेली व्यक्ती कुपोषित नसते, हाही गैरसमजच आहे. चरबी तशीच राहून स्नायू झिजतात, तर पायांवरची सूज घटलेले वजन झाकते. हात न टेकता खुर्चीतून उठता येते का, ते पाहावे; पोटरीचा घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर सावध व्हावे. सत्तरी ओलांडलेल्यांत बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा) २२ च्या खाली असेल, तर तोही कमीच धरला जातो. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनावरून पोषणाचा निवाडा करू नये, कारण ते जंतुसंसर्गात आणि शरीरातील दाहामुळेही घसरते.

‘जेवण व्यवस्थित आहे ना?’ या प्रश्नाला बहुतेक आजी-आजोबा ‘हो’ असेच उत्तर देतात. त्याऐवजी ‘काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्ले, आणि ताटात किती उरले?’ असे विचारले की खरी परिस्थिती समोर येते.

भूक लागत नाही म्हटल्यावर लगेच टॉनिक लिहून देणे ही पुढची चूक. आधी औषधांची पूर्ण पिशवी टेबलावर रिकामी करून घ्यावी. हृदयविकारावरील डिगॉक्सिनमुळे भूक मरू शकते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनमुळे काहींची भूक मंदावते, आणि ते दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. तोंड कोरडे पाडणाऱ्या गोळ्यांमुळे घास गिळवत नाही. त्यानंतर नैराश्य, विस्मरण, थायरॉइडचे विकार आणि कर्करोग यांचा विचार करावा. जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा आवाज घोगरा होत असेल, तर गिळण्याची तपासणी आधी करावी; अशा व्यक्तीला आग्रहाने भरवणे धोक्याचे असते.

पथ्यांचा ढीग ही चूक तर बरेचदा आपणच, उपचार करणारे, करतो. रक्तदाबासाठी मीठ कमी, मधुमेहासाठी गोड बंद, कोलेस्टेरॉलसाठी स्निग्ध पदार्थ वर्ज्य. प्रत्येक सल्ला आपापल्या जागी योग्य असतो, पण सगळे एकत्र आले की ताटात खाण्याजोगे काही उरत नाही आणि बेचव अन्न तसेच परत जाते. ऐंशीच्या घरातल्या, वजन घटत चाललेल्या व्यक्तीचे पथ्य सैल करणे हाच अनेकदा पहिला उपचार असतो. निरोगी ज्येष्ठांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण तपासणीनंतर ठरवावे, सरसकट प्रथिने तोडू नयेत.

पूरक पेय द्यायचे झाल्यास ते जेवणाऐवजी नव्हे, तर दोन जेवणांच्या मधल्या वेळेत द्यावे. अनेक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या व्यक्तीला मात्र एकदम भरपूर आहार देऊ नये. त्यामुळे रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरून जीवावर बेतू शकते. अशा व्यक्तीला रुग्णालयात पाठवावे, जिथे थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन आणि रक्त तपासत आहार हळूहळू वाढवता येतो. बाकीच्यांना महिन्याभराने पुन्हा बोलवावे आणि त्याच काट्यावर वजन करावे.